साहेब आणायचे कुठून?

संस्थेची जुनी मारुती मी संभाजीनगरातल्या एका गॅरेजात नेली. “ताई, अख्खी रॅक बदलावी लागेल. साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो,” मिस्त्री म्हणाले. साहेब आणायचे कुठून? मीच वाकून पाहिलं. फाटला होता फक्त स्टिअरिंग रॅकच्या टोकाचा रबरी बूट. तिथून धूळ-पाणी शिरलं की रॅक झिजते, स्टिअरिंगला खेळ येतो. आमची अजून घट्ट होती.

मग मी नि वाळूजला कारखान्यात जाणारी एक मैत्रीण, दोघींनी गाडी जॅकवर चढवून खाली घोडे लावले. टाय रॉडचं टोक किती आट्यांवर बसलंय ते मोजूनच सोडवलं, ग्रीस भरून नवा बूट चढवला, पट्ट्या आवळल्या. चाकांचं अलाइनमेंट तेवढं बाहेर करून घेतलं.

परवा मध्यरात्री हीच गाडी घेऊन गंगापूरला गेले, घराबाहेर काढलेल्या एकीला आणायला.