सागाचं वय आणि संशोधकाचं वय



वनसंशोधनाविषयी चार शब्द बोल, असा सर्वांचा आग्रह आहे. सकाळी चहाच्या वेळी आपल्यातल्याच एकाने जे विचारलं, तिथूनच सुरुवात करतो : "बांधावरचा साग पंधरा वर्षांचा झाला, घेरही चांगला आहे. मग व्यापारी भाव का पाडतो?"

कारण सागाची किंमत गाभ्यात असते. आतलं तपकिरी लाकूड वाळवीला, बुरशीला सहसा दाद देत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड लवकर किडतं आणि कोवळ्या झाडात तेच जास्त असतं. खत-पाण्याने घेर लवकर वाढतो. गाभा त्याच प्रमाणात वाढेल असं नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग गेला, त्याचा लौकिक अनेक दशकांच्या सावकाश वाढीतून आला आहे.

मग लवकर गाभा धरणारा साग का तयार करत नाही? ज्वारीचं वाण एका हंगामात शेतावर पारखता येतं. सागाची निवड बरोबर होती का, हे कळायला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर प्रकल्पाचा निधी केव्हाच संपलेला असतो आणि रोपं लावणारा संशोधक निवृत्त झालेला असतो. नोंदवही हरवली, तर समोर उभी असलेली झाडंही मुकी होतात.

किडीचंही तसंच. पावसाच्या सुरुवातीला अळी कोवळी पानं फस्त करते. झाड मरत नाही, पण वाढ खुंटते. केरळच्या वनसंशोधकांनी या अळीला रोग आणणारा विषाणू शोधून वापरून पाहिला. मात्र उंच झाडांवर, नेमक्या दिवशी, शेकडो हेक्टरांत तो फवारायचा कसा?

इकडे उद्योगाला थांबायला वेळ नाही. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर लागवडीच्या, कमी वयाच्या सागावरचा भार वाढला. म्हणून पांढऱ्या लाकडावर प्रक्रिया करून ते टिकाऊ करणं, हाही आता संशोधनाचा महत्त्वाचा विषय आहे.

ज्यांच्याकडे साग आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच : सगळा एकदम तोडू नका. विरळणी करा, चांगली झाडं राखा. रोप कुठून आणलं, कधी लावलं, दरवर्षी छातीच्या उंचीला घेर किती भरला, हे लिहून ठेवा.

आणि शाळेला एक विनंती. आवारात सागाची पाच झाडं लावू या. दरवर्षी दहावीच्या वर्गाने त्यांचा घेर मोजून वहीत लिहायचा. संशोधक निवृत्त होतात. दहावीचा वर्ग मात्र दरवर्षी नवा येतो.