शेजाराला कुलूप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'आपली वाई' या विषयावर चार शब्द बोल, असे चिटणीसबाईंनी सांगितले. दक्षिण काशी, घाट, ढोल्या गणपती हे तुम्हांला पाठच आहे. मला बोलायचे आहे ते आळीतल्या कुलुपांविषयी.

माझे माहेर सांगलीचे, गावभागातले. लग्न होऊन येथे आले तेव्हा आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे होती. एका चौकात नऊ चुली म्हणजे भांडणे आलीच. नळावरून तर रोजची. पण कोणाचे मूल रात्री तापाने फणफणले तर हाक मारावी लागत नसे, रडणे ऐकूनच कोणीतरी उठून येई. मालक पुण्याला, भाडे जुन्या काळचे; त्यात कौले शाकारायचा खर्चही निघेना. मालक लक्ष देईना, भाडेकरू पदरचे घालीना, आणि पावसाने भिंती खचत गेल्या. हे मुद्दाम सांगते, कारण सगळा दोष बाहेरून आलेल्यांवर टाकण्याची आपल्याला हल्ली खोड लागली आहे.

पुढे २००४ साली 'स्वदेस' आला, २०१० साली 'दबंग'. मेणवलीचा नानांचा वाडा आणि आपला घाट घरोघरी दिसले. पुण्याहून दोन-अडीच तासांत येता येते. मग पडक्या वाड्यांना भाव आला. काही पाडून इमारती उठल्या, काही डागडुजी करून सुरेख केले. शेजारच्या वाड्याच्या सागवानी तुळया ट्रकात चढताना मी पाहिल्या. कुठल्याशा हॉटेलात शोभेला लावणार म्हणे. माझे सासरे असते तर ट्रकापुढे आडवे झाले असते!

नव्या लोकांमुळे चार बायकांना काम मिळाले, हे खरे. आपल्यातल्याच दोघी पाहुण्यांना पोळी-भाजी करून देतात आणि मुलांच्या फिया भरतात. पण नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला आळीत दोन खोल्या परवडत नाहीत, ती गावाबाहेर जातात. आणि सुरेख केलेल्या घरांना सोमवार ते शुक्रवार कुलूप.

बाहेरचा माणूस वाईला नवा नाही. रास्ते मूळचे कोकणातले. १७६२ साली ढोल्या गणपतीचे देऊळ त्यांनीच बांधले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळ्याकडच्या पिंपळनेरचे. लहानपणी प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि वाईचेच झाले; विश्वकोशाचे एवढे मोठे काम येथूनच उभे राहिले. ती माणसे इथे राहिली. इथल्या पावसात भिजली, इथल्या मयताला गेली.

मध्यंतरी एका नव्या गृहस्थांनी देवळातल्या पहाटेच्या घंटेबद्दल तक्रार केली. म्हणाले, आम्ही शांततेसाठी घर घेतले. आता काय सांगावे! आमच्या घाटावर धुणे आपटते, पोरे उड्या मारतात, कीर्तन रात्री उशिरापर्यंत चालते. त्यांनी विकत घेतली ती शांतता येथे कधी नव्हतीच. होती ती बिऱ्हाडे उठून गेल्यावर आली.

२०१९ च्या महापुरात माझ्या माहेरी गावभागात पाणी शिरले, तेव्हा आईला वरच्या मजल्यावर नेले ते शेजारच्या मुलांनी. आपणही कृष्णेच्याच काठी राहतो. नदी चढली आणि आळीत आम्ही चार म्हातारी माणसे व कुलपेच असलो, तर कोणाचे दार ठोठवायचे?

आता कृष्णाबाईच्या उत्सवाकडे येते. १६५९ साली अफझलखानाचे संकट टळावे म्हणून नवस झाला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असे मानतात. आळीआळीने, घाटाघाटाने तो चालतो. पूर्वी आमच्या घाटाच्या प्रसादाला पोळ्या लाटायला वीस-पंचवीस बायका सहज जमत. गेल्या वर्षी आम्ही अकरा होतो, त्यांतल्या सहा साठीच्या पुढच्या. पुरण आचाऱ्याकडून आणावे लागले. गोड होते, नाही असे नाही.

उत्सव रविवारी घ्यावा, म्हणजे नवी मंडळी येतील, अशी सूचना आली आहे. माझा विरोध आहे. तिथी देवीची आहे, ती सुटीसाठी हलवू नये. हळदीकुंकू मात्र रविवारी ठेवायला हरकत नाही. पत्रिका दाराला खोचू नये. शनिवारी संध्याकाळी दिवा लागला की दोघीदोघींनी जाऊन कुंकू लावून बोलावणे करावे, आणि पोळपाट-लाटणे घेऊनच या म्हणून सांगावे. घंटेची तक्रार करणाऱ्यांच्या घरी मी स्वतः जाईन. बरोबर कोण येते, तिने चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.