टपालाची गती
(अलीगंज येथील मेळाव्यातील भाषण)



आम्ही बी. ए.; यंत्रविद्या आमचा प्रांत नव्हे. परंतु सकाळी दहाला कार्यालयातील सारेजण एकदम ई-मेल उघडीत आणि सर्व्हर ठप्प होई. एकदा टपालाची रांग अशी तुंबली की, एका विधवा भगिनीचा कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज दुसऱ्या दिवशी पोचला. तेव्हा आम्ही कारण शोधू लागलो.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे ८ मिलिसेकंद. शेकडो लोकांची पत्रे तीवर विखुरलेली. एकाच पोस्टमनने साऱ्या अलीगंजात एकेक पत्र घेऊन धावावे, तशी तिची गत! तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीत फिरणारे काहीच नाही. नोंद मिलिसेकंदाच्या अंशात हाती येते.

मात्र ती महाग, शिवाय पुनःपुन्हा लिहिल्याने झिजणारी. म्हणून ताजी पत्रे व सूची फ्लॅशवर आणि जुने दप्तर तबकडीवर, अशी वाटणी करतात. रोजचे डबे हाताशी अन् वर्षाचे धान्य कोठीत, हे आपल्या मातांना कोणी शिकविले होते?

आमच्याकडेही तशी व्यवस्था झाली, खोळंबा संपला. पण खरे सांगावयाचे तर, सर्व्हरने त्या भगिनीचा एकच दिवस घेतला होता. पुढचे आठ दिवस तो अर्ज आमच्याच टेबलावर सहीवाचून पडून होता. ती कबुली देण्यासाठीच आज आम्ही उभे राहिलो.