विषय आधी की शिष्यवृत्ती आधी?

(बेळगाव येथे बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न येतो : पुढे कोणता विषय? त्यामागोमाग, जरा हलक्या आवाजात, दुसरा : पैसा कोठून आणायचा? हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. ज्याला शिष्यवृत्ती आहे तोच आपला विषय, असे मुलगा मानू लागतो.

चिंतामणराव देशमुखांकडे पाहा. १९१२ साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. अशा मुलाने जन्मभर संस्कृतच घोकावे, असे कोणीही म्हटले असते. त्यांनी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र घेतले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले. १९५६ साली मुंबईसाठी त्यांनी ते पद कसे सोडले, हे या सभेला मी काय सांगावे! संस्कृत मात्र सुटले नाही. मेघदूत त्यांनी मराठीत आणले. शिष्यवृत्ती त्यांच्या विषयाची मालकीण झाली नाही.

आता आपल्या व्यवहाराकडे वळू. केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला १२,००० रुपये देते. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असावे लागते व घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. विज्ञान, वाणिज्य आणि कला यांना वाटणी ३:२:१. कलाशाखेचा पदवीधर म्हणून तो शेवटचा एक मला बोचतो. पण ही वाटणी बारावीच्या शाखेवरून होते आणि ती शाखा तर तुम्ही केव्हाच ओलांडली! मग तिच्यासाठी आता नावडता विषय का गळ्यात बांधून घ्यावा? शिवाय दरवर्षी नूतनीकरणाला ७५ टक्के उपस्थिती व ५० टक्के गुण लागतात. मन नसलेल्या वर्गात मुलगा किती दिवस बसेल?

ऑनर्सचे कोडे सीमाभागात अधिकच अवघड आहे. कर्नाटकाने २०२४ साली चार वर्षांची ऑनर्स पदवी मोडून पुन्हा तीन वर्षांची केली. तिकडे कोल्हापुरात चार वर्षांची आली. हिशेब केला तर तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, एम. ए. पर्यंत वर्षे पाचच. फरक संशोधनात पडतो. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथे वर्ष संशोधनासह करता येते आणि तेथून थेट पीएच. डी.चे दार उघडते. ज्याला तेवढी ओढ नाही, त्याने शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून कोल्हापूर गाठू नये.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. सीमाभागात दहावी किंवा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्राच्या प्रवेशात स्वतंत्र मार्ग आहे. मात्र मातृभाषेचा दाखला विहित नमुन्यातच हवा.

आणि उत्पन्नाचा दाखला? नाडकचेरीत उद्या सकाळीच जा. मी तुमच्या वयाचा असताना आठ दिवस आळस केला. मुदत टळली, त्या वर्षीची फी आईच्या पाटल्यांतून गेली.