पंच व्हावयास कां भ्यावें?



आम्हां श्रीवर्धनकडील लोकांस समुद्र नित्य कांहीं ना कांहीं आणून देतो. बहुधा ओंडके, तुटकीं जाळीं, नारळ. परंतु १८ ऑगस्ट २०२२ रोजीं हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास एक बेवारस नौका लागली आणि तींत तीन एके-४७ रायफली निघाल्या. सारा जिल्हा हादरला. याच तालुक्यांत शेखाडी येथें १९९३ सालीं स्फोटकें उतरविलीं गेलीं होतीं, आणि १२ मार्चच्या मुंबईंतील स्फोटांत २५७ माणसें मेलीं, हें येथें कोणी विसरलेलें नाहीं. चौकशीअंतीं ही नौका मात्र मस्कतहून युरोपकडे निघालेली, इंजिन बिघडल्यानें सोडून दिलेली व प्रवाहाबरोबर वाहत आलेली ठरली.

असें शस्त्र दिसल्यास त्यास हात लावूं नये. पोलीस पंचांसमक्ष त्यावरील क्रमांक उतरून घेतात, तें गुंडाळून लाखेची मोहोर करतात व प्रयोगशाळेकडे धाडतात. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें जप्तीचें चित्रमुद्रणही आवश्यक केलें आहे. कोणा हौशी माणसानें नळी पुसून पाहिली, कीं बोटांचे ठसे गेलेच.

प्रेताची गोष्ट याहून नाजूक. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळांत पी-३०५ हा तराफा बुडाला आणि कित्येक दिवसांनीं कांहीं प्रेतें आमच्या किनाऱ्यास लागलीं. खाऱ्या पाण्यांत चेहरा ओळखूं येईनासा होतो. मग हातावरचें गोंदण, बोटांतली अंगठी, सदऱ्यावरील शिंप्याची खूण, एवढ्यावरच दूर देशींच्या आईस आपला मुलगा कळावयाचा. म्हणून पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून मॅजिस्ट्रेटास कळवितात, आणि शेजारच्या निदान दोन प्रतिष्ठित माणसांसमक्ष पंचनामा करून चोवीस तासांत अहवाल पाठवितात. ही नोंद म्हणजे कोणावर आरोप नव्हे.

पण पंच हवेत म्हणतांच आळी ओस पडते! कोर्टाच्या खेपांची धास्ती सर्वांस. वास्तविक झडतीच्या पंचास कोर्टानें खास बोलाविल्यावांचून जावें लागत नाहीं. उलट, लेखी बोलावणें सबळ कारणावांचून नाकारणें हाच अपराध आहे. शाळामास्तर गांवांत सहज सांपडतो, म्हणून असें बोलावणें मला अनेकदां आलें. प्रेताजवळ उभें राहवत नाहीं हें खरें. तरी अंगठी कोणत्या बोटांत होती हें कोणीतरी पाहून लिहविलेंच पाहिजे.

सहीपूर्वीं कागद अवश्य वाचावा, आणि कोरी जागा असेल तेथें रेघ मारावयास सांगावें. हवालदार क्वचित् रागावतात. पण रेघ मारतात.