पिंप्राळ्याहून प्रकाशापर्यंत : कोरड्या मुलखातील एक मोटारप्रवास

थंडीची चाहूल लागली म्हणजे जळगाव-पिंप्राळ्याच्या घराघरांतून प्रवासाचे बेत शिजू लागतात, आणि अलीकडे त्या बेतांत जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्यांना मानाचे स्थान मिळाले आहे. सुमारे हजार किलोमीटरचा पल्ला गाठावयाचा, उंटावर बसावयाचे, मावळता सूर्य पाहावयाचा आणि परत फिरावयाचे! ही हौस वाईट नव्हे. परंतु ज्या घरात सत्तरी ओलांडलेली आजी आहे, त्या घरात बेत ठरताच एक प्रश्न उभा राहतो: आजींना न्यावयाचे की शेजाऱ्यांच्या हवाली करावयाचे? इतका लांबचा प्रवास त्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही आणि मागे राहणे मनाला सोसत नाही. अशा घरासाठी तीन दिवसांचा दुसरा एक बेत सुचविण्यासारखा आहे. त्यात वाळवंट नाही. मात्र उजाड माळ, काळ्या खडकाच्या भिंती, ओसाड किल्ले आणि क्षितिजापर्यंत उघडे आकाश आहे. हा मुलूख खानदेशचाच आहे.

खानदेशास वाळवंट म्हणणे भूगोलाला धरून होणार नाही. तापीकाठची काळी जमीन कसदार आहे आणि जळगावची केळी तर सर्वांना ठाऊकच आहे. परंतु नदीपासून दूर, धुळे, शिंदखेडा, साक्री या बाजूस सरकले की पावसाचा हात आखडतो, झाडे खुरटतात आणि उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. म्हणून या प्रवासाचा काळ मार्गशीर्ष-पौष हाच. वैशाखात हा बेत आखणे वृद्धांच्या जिवाशी खेळ होय. हिवाळ्यातही पहाटेची थंडी धुळ्याकडे चांगलीच बोचते. घोंगडी-शाली बरोबर असाव्यात.

मार्ग आखताना अंतराइतकाच सूर्याचाही विचार करावा, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पिंप्राळ्याहून धुळे पश्चिमेस आहे. सकाळी निघाल्यास ऊन पाठीशी राहते आणि पुढचा देखावा स्वच्छ उजळलेला दिसतो; दुपारी चारनंतर निघाल्यास तोच सूर्य चालकाच्या डोळ्यांत शिरतो. तेव्हा जाणे सकाळी ठेवावे व पूर्वेकडे परतणे दुपारचे ठेवावे. रात्रीचा प्रवास तर वर्ज्यच मानावा. या दिवसांत कापसाने लादलेल्या गाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात व त्यांतील कित्येकांच्या मागे दिवा नसतो.

बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला की पहिला टप्पा सुरू होतो. एरंडोल सुमारे तीस किलोमीटरवर आहे. लोकसमजुतीप्रमाणे हीच एकचक्रानगरी. तेथून आत वळल्यास पद्मालयाचे गणेशस्थान आणि कमळांचे तळे लागते. देवळात एक उजव्या व एक डाव्या सोंडेची अशा दोन मूर्ती आहेत. पुढे पारोळ्याचा भुईकोट किल्ला भर वस्तीत उभा आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याचा या गावाशी संबंध होता. येथे अर्धा तास पुरे. दुपारपर्यंत धुळे गाठावे.

धुळ्याला पुष्कळजण नुसते वळसा घालून जातात, हे बरे नव्हे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी येथेच देह ठेवला आणि 1927 साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थवाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांच्या खटपटीने जमलेली रामदासी हस्तलिखिते आहेत. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आजींसारख्या पिढीला जैसलमेरच्या वाळूपेक्षा हे नाव अधिक जवळचे वाटेल, यात शंका नाही.

संध्याकाळी आग्रा रोडने दक्षिणेस दहाएक किलोमीटरवर लळिंगचा डोंगर पाहावा. फारुकी वंशाचा मूळ पुरुष मलिक राजा याने मरतेसमयी लळिंग एका मुलास व थाळनेर दुसऱ्यास दिले, असे इतिहास सांगतो. तरुणांनी गड चढावा, वडीलधाऱ्यांनी पायथ्याशी बसावे. उतरत्या उन्हात आसपासच्या माळावर एक नवल दिसते: लांबच लांब, अरुंद, सरळ रेषेत गेलेले काळे खडकाळ कणे. कोणी राक्षसाने कुंपण घालून सोडून दिले असावे, असा भास होतो. ही माणसाची कामगिरी नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ लाव्हारसाने घडत असता जमिनीला भेगा पडल्या, त्या भेगांत तप्त रस शिरून थिजला आणि भोवतालचा खडक झिजल्यावर तो भिंतीसारखा उघडा पडला. धुळे-नंदुरबारच्या भागात अशा भिंतींचे जाळेच आहे आणि भूशास्त्रज्ञ त्यांच्या अभ्यासासाठी दूरदूरहून येतात. शेतकऱ्याचा त्यांच्याशी निराळाच संबंध आहे. या भिंती जमिनीखालच्या पाण्याची वाट अडवितात. त्यामुळे एका बाजूच्या विहिरीला पाणी लागते आणि पलीकडची विहीर खोल खणूनही कोरडी राहू शकते.

पाणी हाच या मुलखाचा खरा विषय आहे आणि प्रवाशानेही तो डोळ्यांपुढे ठेवला तर उजाड माळ बोलू लागतो. पांझरेच्या काठी फड पद्धती नावाची कित्येक शतकांची व्यवस्था आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पुढील वर्षी फेरपालट करावयाची. पाणी कोणास केव्हा मिळावे हे गावचे पंच ठरवितात आणि पाटकरी ते पोचवितात. शिरपूर तालुक्यात 2004 पासून नाले खोल व रुंद करून बंधारे घालण्याचे काम झाले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून गाजले. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासींनी आपले रान राखले, झरे जिवंत केले, आणि त्या कामाचे धुरीण चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. ज्यांच्यापाशी चौथा दिवस आहे त्यांनी साक्रीकडे अवश्य वळावे; ब्राह्मणवेलच्या पठारावरील पवनचक्क्यांची रांग आणि शिवाजीनगरचा 2013 साली सुरू झालेला 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प त्याच बाजूस आहेत. ज्या उन्हाने पीक करपते त्याच उन्हाची तेथे वीज होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेकडे निघून सोनगीर गाठावे. टेकडीवर मोडका किल्ला आणि खाली तांबटांची आळी. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना एके काळी साऱ्या खानदेशात मागणी होती. आता स्वयंपाकघरांत पोलाद आले आणि हातोड्यांचा आवाज विरळ झाला. एक हंडा अगर एक तांब्या घेतल्याने हा धंदा तरणार नाही, हे खरेच. तरी हातघडणीचा तांब्या घेऊन पुढच्या प्रवासात त्यातूनच पाणी प्यावे.

तेथून चिमठाण्यावरून दोंडाईचा. हा रस्ता प्रवासातील सर्वांत ओसाड, आणि म्हणूनच सर्वांत पाहण्यासारखा. येथे मोटार हळू हाकावी. एखादा मेंढपाळ, बाभळीची विरळ सावली, कोरड्या नाल्याची वाळू आणि दूरवर तोच काळा कणा, याखेरीज मैलोगणती काही येत नाही. दुकाने मोजकी असल्याने इंधन व पिण्याचे पाणी सोनगीरलाच भरून घ्यावे.

दोंडाईचा-नंदुरबारच्या बाजूस मात्र या करड्या पटावर एकाएकी लाल रंग सांडतो. हा मिरचीचा मुलूख. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मोकळ्या रानांत मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि मजूर बाया ती वाळत्या मिरची निवडीत असतात. देखावा मोहक खरा. पण त्या ठसक्यात दिवसभर बसणाऱ्या बायांच्या डोळ्यांकडे पाहिले म्हणजे छायाचित्रे काढण्याची घाई थोडी कमी व्हावी. अवकाळी पावसाची एक सर आली की सारा माल डागाळतो व त्यांची मजुरीही बुडते. पथारीवर जाण्यापूर्वी मालकाची व काम करणाऱ्यांची परवानगी घ्यावी, आणि दम्याचा विकार असलेल्यांनी गाडीची काच बंदच ठेवावी.

दत्तजयंतीच्या सुमारास निघणाऱ्यांना सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा सापडेल. मात्र गर्दी व धूळ अपार असते, म्हणून आजी बरोबर असतील तर जत्रा उलगडल्यावर जाणे बरे. तापी ओलांडून शहाद्यावरून प्रकाशास मुक्कामाला यावे. तापी-गोमाईच्या संगमावरील या गावास लोक दक्षिणकाशी म्हणतात. येथे 1955 च्या सुमारास झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. दोन दिवस कोरड्या नाल्यांतून हिंडून आलेल्यास या घाटावर भरलेले पात्र पाहून जो आनंद होतो, तो थेट येणाऱ्यास लाभत नाही.

तिसऱ्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याने, शहादा, शिरपूर, चोपडा असे पूर्वेकडे परतावे. डाव्या हातास डोंगर, उजव्या हातास हळूहळू दाटत जाणारी शेते. दुपारचे जेवण चोपड्याच्या आसपास घ्यावे; भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाल्यास दुसरे काही मागू नये. थकवा नसेल तर अडावदजवळ उनपदेवचा गरम झरा आहे, आणि आजींच्या गुडघ्यांसाठी तेथे तासभर राखून ठेवावा. मग विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली की दिवेलागणीपूर्वी पिंप्राळे गाठता येते.