विडी आणि मुद्गल



मी लहान असतां संगमनेरच्या आमच्या घरीं दुपारीं आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत असे. टेंभुर्णीचें पान मापानें कापावयाचें, त्यांत तंबाखूची चिमूट पसरावयाची, गुंडाळून दोऱ्यानें बांधावयाची, मजुरी हजारावर. त्या मजुरींतून माझी फी भरली गेली. म्हणून विडीला सरसकट दूषण देण्यास माझी जीभ सहज वळत नाहीं. मात्र त्या तंबाखूच्या धुळीनें आईला खोकत ठेवलें, हेंहि तितकेंच खरें.

तरुणपणीं मला तालमीचा नाद होता. रोज दोनशें जोर, तीनशें बैठका, वर मुद्गलांची जोडी. पुढें मास्तरकी लागली, तिच्या मागोमाग विडी लागली, आणि जोडी माळ्यावर गेली. फळ्यावर धूम्रपानाचे तोटे लिहून मधल्या सुटींत मी शाळेमागील बाभळीआड जात असें. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागीं धूम्रपानास देशभर बंदी आली. मीं काय केलें? अधिक दूरची बाभळ शोधली! विडी सिगारेटपेक्षां सौम्य, अशी मनाची समजूतहि घालीत होतों. वास्तविक विडी विझूं नये म्हणून वरचेवर ओढावी लागते, आणि तिच्यांतील विष मुळींच कमी नसतें.

सेवानिवृत्तीनंतर पेमगिरीचा किल्ला चढतांना अर्ध्या वाटेवर मला बसावें लागलें. बरोबरीचे सोबती वर निघून गेले. त्या दगडावर बसूनच मीं निश्चय केला.

पहिल्या खेपेस तो फसला. ज्या दिवशीं विडी टाकली त्याच पहाटे पन्नास जोर काढले. तिसऱ्या दिवशीं हात वर होईनात, डोकें भणभणलें, घरांत ज्याच्या त्याच्यावर मी ओरडूं लागलों. आठव्या दिवशीं पानपट्टीवर उभा! निकोटिनाची ओढ पहिल्या आठवड्यांत सर्वांत तीव्र असते व तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते, हें डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें. नेमका तोच आठवडा मीं वयाला न पेलणाऱ्या मेहनतीसाठीं निवडला होता.

दुसऱ्या खेपेस आधीं हृदय व रक्तदाब तपासून घेतला. मग नियम एकच ठेवला: तलफ आली कीं खांबाला धरून पांच बैठका. तलफ बहुधा कांहीं मिनिटांचीच असते. बैठका आणि वर तांब्याभर पाणी, एवढ्यांत ती निघून जाई. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकाएकीं चढतो, म्हणून श्वास सोडीत उठावयाचें. जोर एक दिवसाआड, तेहि प्रथम भिंतीला हात टेकून.

धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु रक्ताला प्राणवायूहून अदमासें दोनशें पट अधिक घट्ट धरतो. विडी थांबल्यावर तो एक-दोन दिवसांत निघून जातो. छातींतला कफ सुटावयास मात्र आठवडे लागतात, आणि त्या काळांत खोकला उलट वाढलासा वाटतो. 'सोडल्यापासूनच खोकला लागला' असें म्हणून पुष्कळ जण पुन्हां पेटवितात. मीहि एका लग्नाच्या मांडवाआड तसें म्हणून एक ओढली. पण दुसऱ्या दिवशीं बैठका चुकविल्या नाहींत, आणि ती एकच राहिली.

आतां चाळीस बैठका होतात. पेमगिरीवर एकदां न बसतां जाऊन आलों. जोडी माळ्यावरून खालीं आणली आहे. सध्यां एकेक मुद्गल फिरवितों. दोन्ही एकदम उचलण्यास डॉक्टरांनीं दिवाळीपर्यंत थांबावयास सांगितलें आहे.